२६ ऑगस्ट : मांझिकर्टचा सिंह

सेल्जुक तुर्कांचा सुलतान आल्प अर्सलान, म्हणजे ‘शूर सिंह’, याने २६ ऑगस्ट १०७१ रोजी मांझिकर्टच्या रणांगणावर बायझंटाइन सैन्याचा धुव्वा उडवला. खुद्द सम्राट रोमॅनस चौथा कैद झाला. सुलतानाचे खरे मोठेपण दिसते ते त्यानंतर. त्याने पराभूत सम्राटाला मानाने वागवले आणि तह करून सोडून दिले. रोमॅनसला पुढे आंधळे केले ते त्याच्याच देशातल्या विरोधकांनी!

लढाईच्या पुढच्याच वर्षी एका कैद्याने खंजिराने केलेल्या हल्ल्यात सुलतान गेला.

अनातोलियाचे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या भूमीचे, दार तुर्कांना उघडले ते मांझिकर्टच्या विजयाने. १९२२ मध्ये तुर्की सेनानी मुस्तफा केमालने ग्रीक सैन्यावर निर्णायक चढाई सुरू केली, तीही २६ ऑगस्टलाच. मांझिकर्टचे आजचे नाव मलाझगिर्त. तिथे या दिवशी विजयोत्सव होतो.