चाकावरच्या मेणबत्त्या

आगमनकाळाचा पहिला रविवार उजाडला की आपल्या काही घरांतून जेवणाच्या मेजावर एक लाकडी तबक येऊन बसते. फळी साधीच असते, क्वचित झाडाच्या सालीसकट कापलेली. तिला चार भोके, त्यांत चार मेणबत्त्या, भोवती सुरूची हिरवी डहाळी. घरातील धाकटे मूल काडी ओढते, एक वात पेटते आणि भोजनापूर्वीची प्रार्थना सुरू होते. ही चाल इतकी अंगवळणी पडली आहे की ती मध्ययुगीन मठांतून आपल्यापर्यंत आली असावी, असे सहज वाटून जाते. पुष्कळदा तसे सांगितलेही जाते. कोणी त्याहूनही मागे जातो आणि हिवाळ्यात गाड्यांची चाके काढून दिव्यांनी सजवणाऱ्या प्राचीन जर्मन शेतकऱ्यांची कथा ऐकवतो. कथा सुरेख आहे. परंतु तिला भक्कम पुरावा नाही. ज्याचा पुरावा आहे तो उगम पुष्कळ अलीकडचा आहे. मला विचाराल तर तो त्या कथेहून अधिक हृद्य आहे.

योहान हिन्रिक विखर्न यांचा जन्म १८०८ साली हॅम्बुर्ग शहरात झाला. पंधराव्या वर्षी वडिलांचे छत्र हरपले आणि शिकवण्या करून घर चालवण्याची पाळी त्यांच्यावर आली. पुढे ईशज्ञानाचे शिक्षण पुरे करून ते गावी परतले, ते शहरातील एका गरीब वस्तीत रविवारच्या शाळेत शिकवण्यासाठी. शाळेतील मुलांच्या घरी जाऊ लागल्यावर त्यांना जे दिसले ते भयानक होते. दमट खोल्या, दारू, भूक आणि भीक मागून वा चोरी करून जगणारी पोरे! अशा मुलांसाठी त्या काळी तुरुंग होते, कामकोठ्या होत्या. घर मात्र नव्हते. १८३३ साली शहराबाहेरील हॉर्न या गावात कार्ल सीव्हेकिंग या श्रीमंत अधिकाऱ्याने एक जुने घर व जमीन दिली आणि तेथे विखर्न यांनी आपला आश्रम उघडला. त्या घराचे नाव ‘राउहेस हाउस’, म्हणजे शब्दशः खडबडीत घर. मूळ मालकाच्या नावाचा तो अपभ्रंश असावा असे म्हणतात. नाव मात्र शोभून दिसले.

या आश्रमाची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. मुलांना एका मोठ्या कोठडीत न कोंबता दहा-बारा मुलांचे एकेक कुटुंब केले जाई आणि त्यावर ‘बंधू’ म्हणून एक तरुण सहायक नेमला जाई. मुले सुतारकाम शिकत, जोडे शिवत, शेतात राबत. ज्यांना आजवर कोणी मेजावर बसवून जेवू घातले नव्हते, ती आता एका मेजाभोवती बसत होती.

अशी मुले नाताळची वाट पाहू लागली. ‘अजून किती दिवस?’ हा प्रश्न दररोज कानी पडू लागला. ज्या मुलाला दिलेला शब्द नेहमी मोडला गेला आहे, त्याच्या तोंडी हा प्रश्न वेगळा असतो. सुखवस्तू घरातील मूल अधीरतेने विचारते. हे मूल खात्री करून घेण्यासाठी विचारते. विखर्न यांनी त्याला दिलेले उत्तर लाकडाचे होते. १८३९ च्या आगमनकाळात त्यांनी गाडीच्या एका जुन्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या. रविवारसाठी चार मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या दिवसांसाठी लहान लाल. त्या वर्षी पहिला रविवार १ डिसेंबरला आला होता. २४ तारीख धरून मोजले तर दिवस भरतात २४, म्हणजे ४ पांढऱ्या आणि २० लाल. प्रार्थनेच्या वेळी दररोज एक वात अधिक पेटे. मुलांना दिवस डोळ्यांनी मोजता येत. उद्याची मेणबत्ती उद्या पेटणारच, हे त्यांना समोर दिसत होते.

मेणबत्तीविषयी थोडे विषयांतर करतो. वेदीवरील मेणबत्ती मधमाशीच्या मेणाची असावी, हा चर्चचा जुना दंडक. पण ते मेण महाग. गरिबाच्या घरी जनावराच्या चरबीची मेणबत्ती जळे. ती धुरकट असे, तिला दर्प येई आणि तिची वात सतत कातरावी लागे. फ्रान्समध्ये शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाने चरबीचे घटक वेगळे केल्यानंतर १८३० च्या दशकात स्टिअरिनच्या स्वच्छ मेणबत्त्या बाजारात आल्या. त्यानंतरच्या काही दशकांत पॅराफिन आले. घरच्या मेजावर महिनाभर उजेड ठेवण्याची चाल सामान्य कुटुंबांत रुजली, तिला या स्वस्ताईचा मोठा हातभार लागला, असे मला वाटते.

पहिल्या चाकावर हिरवळ नव्हती. फरच्या फांद्या गुंडाळण्याची रीत साधारण १८६० च्या सुमारास आली. आश्रमात तयार झालेले ‘बंधू’ जर्मनीत ठिकठिकाणी अनाथालये व सेवासंस्था चालवू लागले आणि त्यांच्याबरोबर ही चाल प्रवासाला निघाली. संस्थेच्या सभागृहात छतापासून टांगलेले भले मोठे चक्र घरात मावणारे नव्हते. घरात येताना ते आकसले. रोजच्या लाल मेणबत्त्या गळाल्या, रविवारच्या चार तेवढ्या उरल्या आणि चक्र मेजावर उतरले.

कॅथलिकांनी ते स्वीकारायला वेळ घेतला. ल्यूथरपंथीयांची ही चाल कलोन येथील कॅथलिक चर्चमध्ये पहिल्यांदा आली ती १९२५ साली आणि म्युनिकमध्ये १९३० साली. हॅम्बुर्ग ते कलोन हे अंतर फार नव्हे. ते कापायला शहाऐंशी वर्षे लागली! एकदा आल्यावर मात्र तिने आपला रंग घेतला. उपासनेच्या वस्त्रांप्रमाणे तीन जांभळ्या मेणबत्त्या आणि तिसऱ्या, आनंदाच्या रविवारी एक गुलाबी. जर्मनीत अजूनही पुष्कळ घरी चारही लालच असतात. २००१ साली रोमने लोकभक्तीविषयी जी मार्गदर्शिका तयार केली, तिच्यात या चक्राचा आदराने उल्लेख आहे.

विखर्न १८८१ साली निवर्तले. त्यांची संस्था हॅम्बुर्गमध्ये आजही चालू आहे आणि लाल-पांढऱ्या मेणबत्त्यांचे मूळ चक्र त्या शहरात अजून टांगले जाते. चारच मेणबत्त्यांचे आपले तबक सुटसुटीत खरे. पण मुलाच्या दृष्टीने त्यात सहा दिवस काहीच घडत नाही.

कोणाला मूळ पद्धतीचे चक्र घरी करावयाचे असल्यास ते अवघड नाही. बैलगाडीचे चाक आता मिळणे कठीण, आणि मिळालेच तर तुंबा, आरे व लोखंडी धाव यांसह ते मेजावर ठेवणे अशक्य. फणसाची किंवा आंब्याची वाळलेली जाड फळी गोल कापून घ्यावी, रंधा फार मारू नये. कडेने भोके पाडून प्रत्येकात पत्र्याची लहान वाटी बसवावी, म्हणजे वात तळाशी आली तरी लाकूड पेटणार नाही. सुरूची डहाळी आपल्या हवेत आठवड्याभरात वाळते व काडीसारखी पेट घेते. ती ज्योतीपासून दूर ठेवून वरचेवर बदलावी. भोके किती, हा प्रश्न उरतो. आगमनकाळाची लांबी दर वर्षी बदलते. २०२२ साली पहिला रविवार २७ नोव्हेंबरला आला आणि २८ मेणबत्त्या लागल्या असत्या. २०२३ साली चौथा रविवार व नाताळची पूर्वसंध्या एकाच दिवशी आल्यामुळे २२ पुरल्या असत्या. म्हणून ४ मोठी व २४ लहान भोके पाडून ठेवावीत आणि ज्या वर्षी दिवस कमी असतील, त्या वर्षी उरलेली मोकळी सोडावीत.