गांज्याचें पीक व ‘धुणें’ : एका शब्दाचा अर्थनिर्णय

कुंडींत वाढविलेल्या गांज्याच्या झाडास कापणीपूर्वीं एकदोन आठवडे खत बंद करून नुसतें पाणी सोडावें, म्हणजे मातींतील क्षार वाहून जाऊन माल सौम्य होतो, असा समज हल्लीं पाश्चात्य लागवडदारांत रूढ आहे. ही रीत आपल्याकडे पूर्वापार होती काय, हें संग्राहकांनीं पाहण्याजोगें आहे. कारण वैद्यकांत भांग ‘धुवून’ घेण्याचा विधि आहे. पवनीसारख्या जुन्या गांवच्या एखाद्या बाडांत तो आढळल्यास त्याचा या रीतीशीं संबंध जोडण्याचा मोह सहज होईल.

तो संबंध टिकत नाहीं. वैद्यकांतील शोधन तोडलेल्या पानांचें आहे. पानें फडक्यांत बांधून पाणी निवळ येईपर्यंत धुवावीं, वाळवावीं व तुपावर परतावीं, असा तो विधि. येथें धुतलें जातें तें पान. जिवंत झाडाच्या मुळांशीं त्याचें कांहीं नातें नाहीं.

आतां लागवडीचा पुरावा. नागपूरकर भोसल्यांचें राज्य १८५४ त खालसा झालें, व १८६१ त भंडारा जिल्ह्यासह तो मुलूख मध्यप्रांतांत आला. त्या प्रांतांत गांज्याची परवानगीची लागवड पवनीपासून दूर, निमाडांत खांडव्याकडे होत असे. १८९३-९४ च्या हेंप ड्रग्ज कमिशनच्या अहवालांत मालाच्या प्रतीचा मुख्य भर नर झाडें वेळींच उपटण्यावर दिसतो. त्यायोगें मादी झाडांस बीं धरत नाहीं व राळ वाढते. बंगाल्यांत राजशाहीकडे हें काम ‘पोद्दार’ नांवाचे जाणकार करीत. तेथें शेण व पेंड घालीत; म्हणजे धडपड जमिनीचा कस वाढविण्याची होती, धुवून काढण्याची नव्हे.

रीत नवी असली तरी खरी आहे काय? २०१९ सालीं अमेरिकेंतील कोलोरॅडो येथें एका खतें करणाऱ्या कंपनीनें ०, ७, १० व १४ दिवस अशा चार मुदती घेऊन प्रयोग केला. उतारा, अंमल व सुगंधी द्रव्यें यांत लक्षणीय फरक पडला नाहीं. ही खतविक्याची साक्ष असल्यानें जपून घ्यावी. तथापि नुसत्या ऐकीव समजापेक्षां तिचें वजन अधिक.

१९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानें आपल्याकडे परवान्यावाचून ही लागवड गुन्हा आहे. संशोधकास त्यांतील कागदच तेवढे विचारार्ह. त्यांत ‘धुणें’ हा शब्द आढळल्यास धुवावयाचें तें पान कीं झाड, हें आधीं ठरवावें, आणि मागचीं-पुढचीं वाक्यें उतरून घेतल्यावांचून निर्णय देऊं नये.