वाड्यावरचा पाटील आणि सेवादलातला माळी



ओहोटीची वेळ चुकवून आमची लाँच मोऱ्याला लागली आणि इथवर रिक्षानं येताना चालकाने विचारलं, आज कशावर बोलणार? आम्ही म्हटलं, निळू फुले. त्यानं आरशात बघत लगेच त्यांचा आवाज काढला आणि वाड्यावर बोलावण्याचं ते वाक्य म्हणून दाखवलं. आम्ही हसलो. पण नंतर वाटलं, आजच्या व्याख्यानाची सुरुवात इथूनच करावी.

हे वाक्य नेमकं कुठल्या चित्रपटातलं, असं विचारलं तर बहुतेकांना सांगता येत नाही. वाक्य मात्र पाठ आहे. एक माणूस आयुष्यभर काय करत होता ते विसरलं गेलं आणि त्याने रंगवलेला दुष्टपणा तेवढा उरला. हे कसं झालं, ते आज बघू.

निळू फुले पुण्याचे. तरुणपणी राष्ट्र सेवा दलात आले. सेवा दलाच्या कलापथकात त्यांचं अभिनयाचं शिक्षण झालं. पोटासाठी ते पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत होते आणि तुटपुंज्या पगारातला काही भाग सेवा दलाला देत होते. म्हणजे नट होण्याआधी हा माणूस कार्यकर्ता होता. हा क्रम लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

शंकर पाटलांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने त्यांना नाव मिळालं. १९६८ मध्ये अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’मधून ते पडद्यावर आले. १९७२ मध्ये रंगभूमीवर तेंडुलकरांचा ‘सखाराम बाईंडर’ केला. त्या नाटकावर सेन्सॉर मंडळाची कात्री चालली आणि प्रकरण न्यायालयात गेलं, ते तुम्हाला ठाऊक असेल. त्यानंतर आला डॉ. जब्बार पटेल यांचा ‘सामना’. पटकथा पुन्हा तेंडुलकरांची.

‘सामना’तला हिंदुराव धोंडे पाटील नीट आठवा. साखर कारखाना, सोसायटी, शाळा, सगळं त्याच्या मुठीत. पण तो मिशीला पीळ देत ओरडत बसत नाही. दारूत बुडालेल्या मास्तराला तो घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, मानानं वागवतो. मास्तर म्हणजे डॉ. श्रीराम लागू. तो मास्तर मग एकच प्रश्न लावून धरतो, मारुती कांबळेचं काय झालं? त्या प्रश्नापुढे पाटलाचा आदरातिथ्याचा मुखवटा हळूहळू गळतो. निळूभाऊंनी दाखवलं ते हे की सत्ता आधी जेवायला वाढते आणि मग गप्प बसायला सांगते.

आता उरणकरांना हे आम्ही काय सांगावं! १९३० चा चिरनेरचा जंगल सत्याग्रह या तालुक्यातला. तेव्हा गोळी झाडणारा समोर दिसत होता. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी आंदोलन झालं, पाच शेतकरी हुतात्मे झाले. पण तिथे जमीन घेणारा कुठल्या वाड्यात राहत होता? तो कागदात होता, नकाशात होता, अधिसूचनेत होता. सिनेमातला पाटील ओळखायला सोपा असतो, चेहरा असतो त्याला. खऱ्या अन्यायाला अनेकदा चेहराच नसतो. म्हणूनच ‘सामना’सारखी भूमिका मोलाची, कारण ती माणसाबरोबर त्याच्यामागची यंत्रणाही दाखवते.

आणि ती यंत्रणा निळूभाऊंना पाठांतरातून कळलेली नव्हती. बाबा आढावांच्या ‘एक गाव एक पाणवठा’ चळवळीत ते होते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात डॉ. दाभोलकरांच्या सोबत होते. पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन देता यावं म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला, त्यासाठी लागू, निळूभाऊ आणि इतर नामवंत कलावंतांनी अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव केले. पाणवठ्यावर कोण कोणाला अडवतं, हे ज्याने जवळून पाहिलं, त्याला पाटलाची नजर कुठे थांबते हे वेगळं शिकवावं लागत नाही.

दुसरं उदाहरण अहमदनगरचे सदाशिव अमरापूरकर. ‘अर्धसत्य’मधला रामा शेट्टी, १९८३ चा. नंतर ‘सडक’मधली महाराणी. दोन्ही बघून अंगावर काटा येतो. पण हा माणूसही सामाजिक चळवळींत रमणारा होता. २०१३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळ असताना मुंबईत त्यांच्या शेजारी होळीला पाण्याची उधळपट्टी चालली होती. त्यांनी हटकलं तर त्यांनाच मारहाण झाली. पडद्यावर ज्याला बघून लोक टरकायचे, तो त्रेसष्टीच्या घरातला म्हातारा पाण्यासाठी मार खातो. खलनायक त्या दिवशी कोण होतं, ते सांगायला नको.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. माणूस भला होता म्हणून भूमिकेचे परिणाम पुसले जातात का? नाहीत. बाईकडे वाईट नजरेने बघणारा पाटील वर्षानुवर्षं पडद्यावर आला, तेव्हा त्यातली चीड हळूहळू ओसरली आणि गंमत उरली. आज कॉलेजातला पोरगा तो आवाज काढून मुलीची छेड काढतो आणि सगळे हसतात. जो अभिनय त्या नजरेची किळस यावी म्हणून केला, तोच त्या नजरेचा परवाना झाला. याचा दोष काही प्रमाणात त्या साचेबंद चित्रपटांकडे जातो, आणि बराचसा आपल्याकडे, प्रेक्षकांकडे. गावोगावच्या बायका निळूभाऊंना शिव्या घालायच्या, त्याला ते कामाची पावती मानत. त्या बायकांना भूमिका बरोबर कळली होती. हसणाऱ्यांना ती कळलेली नाही.

१३ जुलै २००९ ला निळूभाऊ गेले. आमची एवढीच विनंती आहे. घरी गेल्यावर ‘सामना’ पुन्हा बघा, मुलांना शेजारी बसवून बघा. आणि पुढच्या वेळी कोणी तो आवाज काढला तर हसण्याआधी त्याला विचारा, बाबा रे, हा आवाज ज्याचा होता तो पाणवठा खुला करायला गावोगाव फिरत होता, हे तुला माहीत आहे का?

परतताना रिक्षा मिळाली तर आम्हीही विचारणार आहोत.