ल्युबेकच्या वेशीवरचं चुकीचं साल

साधनचिकित्सा म्हणजे काय, हा प्रश्न पीएचडीच्या मुलाखतीत हमखास येतो. व्याख्या पाठ असते, पण ती वापरायची कशी, इथे गाडी अडते. म्हणून आज माझ्यासोबत उत्तर जर्मनीतल्या ल्युबेकमध्ये एक फेरी मारा.

मध्ययुगात उत्तर जर्मनीतल्या व्यापारी शहरांचा 'हान्सा' नावाचा संघ होता. ल्युबेक हे त्यातलं प्रमुख शहर. ल्यूनेबुर्गचं मीठ इथे जहाजात चढायचं आणि आजच्या स्वीडनच्या दक्षिण किनाऱ्यावर हेरिंग मासे खारवायला जायचं. या व्यापाराच्या पैशातून इथल्या विटांच्या भव्य इमारती उभ्या राहिल्या.

स्टेशनकडून जुन्या शहरात जाताना होल्स्टेनटोर ही दोन बुरुजांची वेस लागते. आत जाऊन शहराच्या बाजूने वर बघा. दोन सालं दिसतील, १४७७ आणि १८७१. लगेच वहीत 'बांधकाम १४७७' लिहिलंत? थांबा! बांधकाम पुरं झालं १४७८ मध्ये. १८६३ साली ही वेस पाडायची का, यावर मतदान झालं आणि ती एका मताने वाचली. नंतरच्या दुरुस्तीत, १८७१ साली, ही सालं तिथे आली. म्हणजे हा मजकूर पुरावा आहे तो एकोणिसाव्या शतकाचा.

आता मारीएनकिर्श या चर्चमध्ये चला. मार्च १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात ते जळालं. तेव्हा कोसळलेल्या घंटा आजही तशाच जमिनीवर पडून आहेत. आगीने भिंतींवरचा चुना निघाला आणि खाली मध्ययुगीन चित्रांचे अवशेष दिसले. त्यांची दुरुस्ती झाली, १९५१ मध्ये चर्चच्या सातशेव्या वर्षाचा सोहळा झाला, टपाल तिकिटंही निघाली. पुढच्याच वर्षी लोथार माल्सकाट या चित्रकाराने स्वतःच सांगून टाकलं की वेदीकडच्या भागातली चित्रं मीच काढली आहेत! तोवर जाणकारांनीही ती खरी मानली होती. युद्धात इतकं गमावल्यावर, काहीतरी जुनं हाती लागलं यावर सगळ्यांनाच विश्वास ठेवायचा होता.

मला यातली हीच गोष्ट सगळ्यात घाबरवते. आपल्या गृहीतकाला अगदी हवा तसा कागद सापडला, की आपणही शंका घेणं सोडून देतो.

तेव्हा तुमचं मुख्य साधन आज समोर घ्या आणि तीन ओळी लिहा: हे कधी तयार झालं, कोणी केलं, आणि ते खरं असावं असं मला का वाटतंय? तिसरी ओळ सगळ्यात जड जाईल. तीच प्रामाणिकपणे लिहा.