‘उपयोक्ता’ : चरकसंहितेतील आहारविधी आणि मनाचे स्थान

प्रस्तावना
आयुर्वेदीय आहारविचार म्हटला की काय खावे व काय वर्ज्य करावे याची यादी डोळ्यांसमोर येते. अलीकडे या विचाराची सांगड ‘माइंडफुल ईटिंग’ या संकल्पनेशीही घातली जाते. पहिल्या समजुतीत खाणारा माणूस हरवतो, तर दुसरीत इतिहास. प्रस्तुत लेखात चरकसंहितेच्या विमानस्थानाच्या आधारे भोजनातील मनाचे स्थान तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

आठ आयतने
अग्निवेशाच्या तंत्रावर चरकाने संस्कार केला व पुढे दृढबलाने ग्रंथाची पूर्तता केली. म्हणजेच आजची संहिता अनेक शतकांत घडली आहे. विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहाराचे हिताहित आठ गोष्टींवर अवलंबून असल्याचे सांगितले आहे : प्रकृती (द्रव्याचा स्वाभाविक गुण), करण (संस्कार), संयोग, राशी (प्रमाण), देश, काल, उपयोगसंस्था (भोजनाचे नियम) आणि उपयोक्ता, म्हणजे प्रत्यक्ष खाणारा. सवयीने अंगवळणी पडलेले ओकसात्म्य या उपयोक्त्यावरच अवलंबून असते. योग्य मात्राही ज्याच्या त्याच्या अग्निबलावर ठरते. त्यामुळे एकच पदार्थ, एकाच प्रमाणात, सर्वांना पथ्यकर होय, असे विधान या चौकटीत बसत नाही.

अवधानाची कारणमीमांसा
याच अध्यायात अन्न उष्ण व स्निग्ध असावे, आधीचे जिरल्यावर घ्यावे, फार घाईने वा फार रेंगाळत खाऊ नये, न बोलता, न हसता, तन्मन होऊन जेवावे, असे नियम येतात. विशेष म्हणजे प्रत्येक नियमामागे शारीरिक कारण दिले आहे. घाईने खाल्ल्यास अन्न भलत्या मार्गाने जाते, कोठ्यात नीट स्थिरावत नाही आणि अन्नातील गुणदोष ध्यानात येत नाहीत. रेंगाळत खाल्ल्यास तृप्ती होत नाही, अधिक खाल्ले जाते, अन्न गार होते व त्याचे पचन विषम होते. बोलत, हसत वा अन्यत्र मन ठेवून जेवणाऱ्यालाही घाईने जेवणाऱ्याचेच दोष जडतात. येथे अवधान हा पचनक्रियेचाच भाग आहे.

दुसऱ्या अध्यायात हा विचार अधिक स्पष्ट होतो. पथ्यकर अन्न योग्य मात्रेत घेतले तरी चिंता, शोक, भय, क्रोध, दुःखशय्या व जागरण यांमुळे ते पचत नाही. याचा अर्थ, अपचनाचे कारण केवळ ताटात शोधून भागत नाही.

नियमापासून आचाराकडे
सतराव्या शतकात, समर्थ रामदासांशी संबंध असलेल्या रघुनाथ नवहस्त या महाराष्ट्रीय पंडिताने तंजावरच्या मराठा दरबारात, एकोजींची राणी दीपाबाई हिच्या आश्रयाने ग्रंथरचना केली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे यांनी त्याच्या ‘भोजनकुतूहल’ या संस्कृत ग्रंथाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. वैद्यक आणि धर्मशास्त्र या दोन्ही परंपरांचा आधार या संग्रहात घेतलेला दिसतो. एकाच पंक्तीत आलेल्या या परंपरांचे प्रयोजन मात्र भिन्न होते : एकीला पचन साधायचे होते, दुसरीला शुचिता. मराठी घरांतील ‘जेवताना बोलू नये’ हा दंडकही आचार म्हणून टिकला. त्यामागील वैद्यकीय कारण मात्र सहसा सांगितले जात नाही.

आधुनिक तुलना
जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सुरू केलेल्या ध्यानाधारित उपक्रमातून ‘माइंडफुलनेस’ची संकल्पना आरोग्यक्षेत्रात रुजली. तिचे मूळ प्रामुख्याने बौद्ध ध्यानपरंपरेत आहे. त्या परंपरेत खाताना बाळगायची जागरूकता तृष्णाक्षयाच्या साधनेचा भाग ठरते, तर चरकाला अभिप्रेत असलेली तन्मनस्कता अन्न नीट जिरावे यासाठी आहे. दोहोंत साम्य असले तरी एकीला दुसरीचे प्राचीन रूप म्हणणे इतिहासदृष्ट्या योग्य ठरणार नाही.

निष्कर्ष
चरकाच्या आहारविचारात मन ही नीतीची पुरवणी नसून कारणमीमांसेचा घटक आहे. आठ आयतनांत उपयोक्ता शेवटी येतो. परंतु त्याच्यावाचून उरलेल्या सातांचा निर्णय पूर्ण होत नाही. म्हणूनच केवळ पदार्थांची यादी हाती देणारा सल्ला, तो आयुर्वेदाच्या नावाने दिलेला असला तरी, या संहितेच्या दृष्टीने अपुराच राहतो. ‘काय खाल्ले?’ या प्रश्नाबरोबरच ‘कोणी, कोणत्या मनःस्थितीत खाल्ले?’ हा प्रश्न विचारणे तिला आवश्यक वाटते.