पाच पोर्ट, एक चिप आणि मालकीचा प्रश्न

राऊटरच्या मागे पाच पोर्ट असतात. एक इंटरनेटच्या वायरचा, चार घरातल्या कॉम्प्युटरसाठी. बघणाऱ्याला वाटतं, पाच वेगळी दारं आहेत. पण लिंकसिसच्या त्या निळ्या-काळ्या डब्ल्यूआरटी५४जी राऊटरमध्ये पाचही पोर्ट एकाच स्विच चिपला जोडलेले होते. बाहेरचं कुठलं आणि घरातलं कुठलं, ही भिंत सॉफ्टवेअर उभी करायचं. तिला म्हणतात व्हीलॅन. ही मांडणी चुकली तर एक तर नेट बंद, नाहीतर घर आणि बाहेरचं जग एकाच नेटवर्कवर!

आता इतिहास बघा. हा राऊटर २००२ च्या अखेरीस बाजारात आला. २००३ मध्ये सिस्कोने सुमारे ५० कोटी डॉलर मोजून लिंकसिस विकत घेण्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी जूनमध्ये लिनक्सवाल्यांच्या लक्षात आलं की याच्या पोटात लिनक्स आहे. लिनक्सचा जीपीएल परवाना सांगतो, वस्तू विकलीत तर त्यातल्या लिनक्सचा सोर्स कोडही द्या. बोंबाबोंब झाली आणि कंपनीला कोड खुला करावा लागला. त्यातूनच जानेवारी २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं.

पण सगळंच मिळालं नव्हतं. वायफायचा ड्रायव्हर बंद डब्यातच राहिला. स्विचसाठी ओपनडब्ल्यूआरटीच्या लोकांनी स्वतःचे ड्रायव्हर लिहिले, तेही दोन, कारण काही आवृत्त्यांत एडीएमटेकची चिप होती, काहींत ब्रॉडकॉमची. डबा बाहेरून तोच, आत चिप वेगळी. हे काम कुणी पगारासाठी केलं नव्हतं.

कंपनीने काय केलं? २००५ च्या पाचव्या आवृत्तीत लिनक्सच काढून टाकलं आणि मेमरी निम्मी केली. लिनक्स हवं असणाऱ्यांसाठी डब्ल्यूआरटी५४जीएल नावाचं वेगळं मॉडेल काढलं. परवान्याचा वाद तरीही मिटला नाही. २००८ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सिस्कोवर खटला भरला, २००९ मध्ये तडजोड झाली.

म्हणजे बघा, हक्क कागदावर होताच, पण मागणारे उभे राहिले तेव्हा तो मिळाला. आणि कोड मिळाल्यावरही स्विच आपोआप चालला नाही, कुणीतरी बसून तो चालवला. कायदा दार उघडून देतो, आत जाऊन काम आपल्यालाच करावं लागतं. पैसे मोजून आणलेली वस्तू खरंच आपली आहे का, हा प्रश्न आज राऊटरपुरता उरलेला नाही. मोबाईल, टीव्ही, ट्रॅक्टर, सगळीकडे तोच आहे.

तुम्हाला काय वाटतं?