तिघे, तिन्ही, त्रयी, त्रिकूट : तिनांच्या समूहाचे शब्द

तीन जण किंवा तीन गोष्टी एकत्र आल्या की मराठीत एकाच शब्दाने भागत नाही. माणसे, वस्तू, ग्रंथ, मित्र यांना वेगवेगळे शब्द आहेत.

तिघे, तिघी, तिघं
हे शब्द माणसांसाठीच वापरतात. तीन भाऊ असतील तर ‘तिघे’, तीन बहिणी असतील तर ‘तिघी’ आणि आई, बाबा व मुलगी एकत्र असतील तर बोलताना ‘तिघं’. पुढे विभक्ती लागली की तिघांनी, तिघींना, तिघांचा अशी रूपे होतात. अशी रूपे दोघे, तिघे, चौघे एवढीच आहेत. त्यापुढे पाच जण, सहा जण असे म्हणावे लागते.

हिंदीत भाऊ असोत वा बहिणी, ‘तीनों’च. कन्नडात ‘मूवरु’ आणि तेलुगूत ‘मुग्गुरु’ हे तीन माणसांसाठीचे वेगळे शब्द आहेत, पण त्यांत स्त्री-पुरुष भेद नाही. त्यामुळे बेळगाव किंवा हैदराबादच्या मुलांना ‘तिघे’ची कल्पना परकी वाटत नाही. इंदूर-ग्वाल्हेरकडे मात्र ‘आम्ही तीनों बहिणी आलो’ असे सहज ऐकू येते. घरात ‘आम्ही तिघी आलो’ हे कानावर पडत राहिले, तरच ते रूप टिकेल.

तिन्ही
‘एकूण तीन, आणि तीनही’ असा याचा अर्थ. तिन्ही खोल्या, तिन्ही पुस्तके, तिन्ही लोक. दिवेलागणीच्या वेळेला ‘तिन्हीसांजा’ म्हणतात.

त्रयी
हा संस्कृतातून आलेला शब्द. मुळात ऋग्वेद, यजुर्वेद आणि सामवेद म्हणजे त्रयी. उपनिषदे, ब्रह्मसूत्रे आणि भगवद्गीता ही प्रस्थानत्रयी. आयुर्वेदात चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांच्या ग्रंथांना बृहत्त्रयी म्हणतात. आधुनिक मराठीत एकमेकींशी जोडलेल्या तीन साहित्यकृतींनाही हाच शब्द लागतो. महेश एलकुंचवार यांची ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही नाटके नाट्यत्रयी म्हणून ओळखली जातात.

त्रिकूट, त्रिमूर्ती
‘त्रिकूट’ म्हणजे मुळात तीन शिखरांचा डोंगर. आज तो नेहमी एकत्र दिसणाऱ्या तिघांसाठी वापरतात, बहुधा थोड्या थट्टेने. ‘त्रिमूर्ती’ म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश. दत्ताचे रूप तेच. मैत्रीत हाही शब्द गमतीने येतो. लाल-बाल-पाल यांच्यासारख्या आदरणीय तिघांना मात्र ‘त्रिमूर्ती’ शोभते, ‘त्रिकूट’ नाही.

तिठा, तिकटी
तीन रस्ते मिळतात ती जागा. गोवा आणि दक्षिण कोकणात ‘तिठा’ म्हणतात. कोल्हापुरात ‘पापाची तिकटी’ प्रसिद्ध आहे.

तिघाडा
‘तीन तिघाडा, काम बिघाडा’ ही म्हण सर्वांच्या ओळखीची. म्हणून ताटात तीन पोळ्या एकदम वाढत नाहीत आणि तिघे कामाला निघाले तर चौथा म्हणून खडा किंवा सुपारी सोबत घेतात. बेलाचे त्रिदल मात्र शुभच मानतात. ‘त्रेधातिरपीट’ या शब्दातही तीन लपलेले आहेत: संस्कृतात ‘त्रेधा’ म्हणजे तीन प्रकारे.

लक्षात ठेवण्यासाठी
माणसे असतील तर तिघे, तिघी किंवा तिघं. वस्तू असतील तर तिन्ही. ग्रंथ किंवा साहित्यकृती असतील तर त्रयी. जिवलग मित्र असतील तर त्रिकूट.